कोरड्या होडीतला तांडेल

हरी तांडेल गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्लीबाहेर, मानेसरच्या अलीकडे, शेअर रिक्षात अडकलो होतो. जाम असा, की पुढच्या ट्रकच्या मडगार्डवर पिंपळ उगवून त्याला पार बांधून झाला असता. हरीलाच भेटायला निघालो होतो. त्याचा मुलगा निखिल फोनवर एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले. आता घाई करू नका." घाई! माझ्या एका बाजूला कारखान्याच्या गणवेशातला धिप्पाड गडी, दुसऱ्या बाजूला पत्र्याची पेटी, मांडीवर कुठल्याशा बाईची पिशवी. उभं राहायचं म्हटलं तरी चौघांची परवानगी लागली असती. तिथेच बसून रडलो. गड्याने विचारलं, "क्या हुआ, अंकल?" मी म्हटलं, "समंदर सूख गया." अंकलना ऊन लागलंय असं वाटून त्या भल्या माणसाने आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली...

तांडेल म्हणजे होडीचा नायक. हरीचा आजा, बाप, चुलते सगळे तांडेल, नावानेही आणि कामानेही. हरी मात्र परीक्षा पास झाला आणि दिल्लीला केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन पडला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "बापट, दोन वर्षं. मग मुंबईला बदली, तिथून गाव हाकेच्या अंतरावर." मीही तेच म्हणत आलो होतो, त्यामुळे आमचं लगेच जमलं. दोन वर्षांनी हरीचं लग्न होऊन सुलभावहिनी आल्या. मग सरोजिनी नगरचा क्वार्टर मिळाला, आणि मिळालेला क्वार्टर सोडणारा माणूस दिल्लीत अजून जन्मायचा आहे. मग निखिलची शाळा, मग निखिलची बोर्डाची परीक्षा, मग कॉलेज. बदली दर वेळी पुढच्या वर्षावर जायची. बाजारात रोहूच्या ढिगासमोर हरी एखाद्या श्रीमंताने भिकाऱ्याच्या ताटाकडे बघावं तसा बघायचा. "ही मासळी नव्हे यार, हा पाण्यातला पालक आहे." मग तीच दीड किलो घ्यायचा. मी वरणभातावर वाढलेला ब्राह्मण. पण हरीच्या घरी आठवड्यातून एकदा माझा धर्म रीतसर बुडायचा आणि आमच्या सौभाग्यवतींच्या नाकामुळे रात्री पकडलाही जायचा.

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटला तसा हरी निखिलच्या मानेसरमधल्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेला. लिफ्ट बंद पडली की तो आठवडाभर खाली यायचा नाही. त्याच सुमारास आमच्या महाराष्ट्र मंडळाने कोकणकिनाऱ्याची सहल काढली. सुलभावहिनी सुनेच्या बाळंतपणासाठी मागे राहिल्या आणि मी आणि हरी निघालो. स्टेशनवर त्याची बॅग उचलली तर माझा खांदा निखळायचा राहिला. "अरे, आठ दिवसांना एवढं काय घेतलंस? पार्लमेंट?" तो नुसता हसला.

मंडळाचे सचिव केळकर यांच्या गळ्यात शिट्टी होती आणि आमचा मोक्ष त्या शिट्टीत होता. दीपस्तंभ वीस मिनिटं. किल्ला अर्धा तास, त्यात फोटो. जेट्टीवर लिलाव चालला होता, पापलेटांचे ढीग चांदीसारखे पसरलेले. तिथे बस थांबणारच नव्हती. हरी खिडकीला नाक लावून मागे बघत राहिला. समुद्र आम्हाला दिवसभर दिसत होता, पण काचेतून. शेवटी त्याच बंदरावरच्या मासेमारी संग्रहालयापाशी शिट्टी वाजली. जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या खिडक्या बुजवून केलेली ती इमारत. भिंतींवर जाळी, वल्ही, नांगर. प्लास्टरचे बारा कोळी, बाराही जणांना एकच चेहरा, आणि तो हुबेहूब आमच्या जुन्या अंडर सेक्रेटरींचा. मधोमध एक अख्खी होडी, भोवती दोरखंड, आणि पाटी: आत चढू नये.

हरी दोरखंडापाशी थांबला. त्याने बूट काढले, मोजे काढून बुटात खोचले. होडीत पायताण घालून जायचं नाही, ही त्याच्या घरची रीत. होडीच्या पुढच्या टोकाला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि साठ वर्षांचा तो माणूस माकडासारखा वर चढला. मीही बूट काढून मागून. चढलो म्हणणं चूक. त्याने मला जाळ्यातल्या हलव्यासारखा ओढून घेतला. तेवढ्यात केळकरांची शिट्टी. "वाक," हरी म्हणाला. आम्ही दोघे निवृत्त राजपत्रित अधिकारी होडीच्या तळाशी आडवे झालो. पावलं बाहेर गेली. मग दिवे गेले, दाराचा खटका पडला, कडी सरकली. जेवणाची सुट्टी!

गंमत म्हणून मी पाच-दहा कोट्या केल्या. त्या अंधारात विरल्या. भिंतीपलीकडे समुद्र आपटत होता, इतका जवळ, की हात लांब केला तर ओला व्हावा. आणि आम्ही हाडासारख्या कोरड्या लाकडावर. मला धाप लागली. हरी मात्र सुकाणूपाशी बसला होता, असा निवांत मी त्याला सेक्शनमध्ये कधी पाहिला नव्हता.

"बापट, मी परत येणार नाही," तो म्हणाला. "गाडीत तू एकटा बसशील."

"आणि वहिनी?"

"तिला तू सांगशील. तू काहीही पटवतोस. मग तीही येईल. खोली घेईन, बंदरावर बसेन."

"वेडा झालास?"

"अडतीस वर्षं शहाणा होतो की." त्याने सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "आणि ते नाही जमलं, तर मेल्यावर तरी मला दिल्लीत ठेवू नकोस. इथे आणून सोड. बोल."

मी "हो" म्हटलं. त्या अंधारात "नाही" म्हणायला मी काही हिरण्यकश्यपू नव्हतो.

कडी वाजली, दिवे लागले. दारात पहारेकरी, हातात डबा. आणि हरी होडीतून ओरडला, "अरे भाईसाब, हम अंदर रह गए थे!" घराबाहेर तोंड उघडलं की हिंदी, ही आम्हा दिल्लीकरांची सवय, ती समुद्रापर्यंत आमच्याबरोबर आली होती. पहारेकरी म्हणाला, "उतरिए साहब, ये सिर्फ देखने का है." हरी म्हणाला, "हमारे बाप की नाव बिल्कुल ऐसी थी." तो हसला. "दिल्लीवाले सब यही बोलते हैं, साहब. सबका दादा मच्छीमार."

त्याच्या छातीवर बिल्ला होता. तांडेल.

हरीने तो वाचला. त्याचं तोंड उघडलं. आई-बापाशी बोलायचा ती बोली तो घशातून ओढून काढायला बघत होता, मला दिसत होतं. दोनदा ओठ हलले, आवाज आला नाही. मग तो मुकाट्याने खाली उतरला आणि जमिनीवर बसून बूट घालू लागला. नाड्या मी बांधल्या. बाहेर केळकर शिट्टी फुंकून निळे पडले होते. ती जड बॅग पुन्हा गाडीत चढली. डब्यात हरी मला म्हणाला, "तू ऊपर वाली बर्थ ले ले यार." अडतीस वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा हिंदीत बोलला.

त्यानंतर दहा-बारा वर्षं तो चौदाव्या मजल्यावरच राहिला. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचा, रोहू खायचा. समुद्राचा विषय त्याने काढला नाही. पण माझा "हो" परतही मागितला नाही.

आता मुद्द्याचं. दिल्लीच्या स्मशानघाटावर अस्थी ठेवायला लॉकर मिळतात. ज्यांना लगेच रजा नाही, त्यांच्यासाठी सोय. भिंतभर लोखंडी कप्पे, बँकेसारखे, प्रत्येकाला कुलूप. एका कप्प्यात गेले पाच आठवडे हरी आहे. निखिलला कारखान्यातून सुट्टी नाही, म्हणून किल्ली त्याने माझ्याकडे ठेवायला दिली. गेल्या आठवड्यात आईला घेऊन माझ्या घरी आला आणि म्हणाला, "काका, रविवारी गढगंगेला जाऊन अस्थी सोडून येतो. एका दिवसात होतं, सोमवारी कंपनीची बस पकडता येईल." मी त्याला होडीतली सगळी हकीकत सांगितली, एका अक्षराची भर न घालता. तो प्रेमाने हसला. "काका, तुमच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकतोय." सुलभावहिनी मात्र स्वयंपाकघराच्या दारात ऐकत उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या सहलीहून आल्यावर ती बॅग मी उघडली होती. दोन्ही ऋतूंचे कपडे होते... मी काही विचारलं नाही."

निखिलने ते ऐकलं, खाली बघितलं, आणि म्हणाला, "पण आई, रजाच नाहीये." मग माझ्यापुढे हात केला. "काका, किल्ली?"

मी खिसे चाचपले. कपाट उपसलं, गादी उलटी केली, देवघरही सोडलं नाही. किल्ली हरवली म्हणून सांगितलं. दुसरी किल्ली करायला घाटावरचे लोक पोलिसांचा कागद मागतात, ठाणेदार सुट्टीवर आहे, कुलूप जर्मन आहे, असंही सांगितलं.

निखिल, हे मी रविवारच्या पुरवणीसाठी लिहितोय, तू वाचशीलच. किल्ली माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात आहे. कुलूप अलिगढचं आहे. तुझा बाप आयुष्यभर दुसऱ्यांच्या रजेवर अडकला. आता तो माझ्यामुळे अडकलाय, हे मला ठाऊक आहे, आणि दर मंगळवारी घाटावर जाऊन मी त्या कप्प्याला तसं सांगूनही येतो. चार दिवसांचा अर्ज टाक, बाळा. तिकिटं मी काढतो, वहिनींना खिडकीची जागा. अर्ज मंजूर झाला की किल्ली सापडेल.