पायथ्याशी बसणारी

गोदामावर रात्रपाळी करणाऱ्या धनेशला दिवसा झोपेत कोणीतरी दाबतं, ही बातमी राहनाळ गावभर व्हायला एक दुपार पुरली. त्याची बायको विनिता शेजारणीकडे बोलली, शेजारीण नळावर बोलली, आणि दिवेलागणीपर्यंत हडळ की मुंजा यावर गावात दोन तट पडले. गावाला तोंडी लावायला काहीतरी लागतंच.

"कोन बसतं छातीवर? सांगा तरी," विनिता विचारी.

"कोन न्हाय," धनेश म्हणे आणि कूस बदली.

पण त्याला पक्कं ठाऊक होतं, कोण येतं ते. त्याची आई, राहीबाई. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. ती होती तेव्हा सकाळी हा ड्युटीवरून येऊन आडवा झाला, की ती पायथ्याशी बसून त्याच्या पोटऱ्यांवरून हात फिरवायची. "नीज, मी हाय," म्हणायची. आता तीच जागा, तीच बैठक. पाठीवर झोपलेला असताना त्याला अचानक जाग यायची. वरचा पंखा दिसायचा, स्वयंपाकघरातली कुकरची शिटी ऐकू यायची, पण बोटसुद्धा हलायचं नाही. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं. पहिल्यांदा तो भीतीने घामाघूम झाला. पुढच्या खेपेला त्याने तिच्या लुगड्याचा काठ ओळखला, आणि त्या दिवसापासून तो तिची वाट पाहू लागला.

तिला एकदा हाक मारावी, एवढंच त्याला हवं होतं. पण जीभ हलत नसे, आणि जोर करून हलवली की आई नाहीशी. मग तो निमूट पडून नुसता बघत राही. हे गावाला सांगायची सोय नव्हती. राहीबाईचा जीव अडकलाय म्हणत लोकांनी भगताकरवी तिला बांधून घातली असती, आणि ते धनेशला मेला तरी खपलं नसतं.

शेवटी विनिताने उशाशी लोखंड ठेवलं. घरात होता तो सासूचा भातकापणीचा विळा. धनेशला वाटलं, आता आई कसली येते! पण ती आली. स्वतःच्याच विळ्याला ती भिणार होय? ज्याची मूठ तिच्या हाताने झिजली होती!

मग विनिता त्याला भिवंडीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या. "मेंदू जागा होतो, अंग मात्र झोपेतच राहतं. स्वप्न संपलेलं नसतं, ते उघड्या डोळ्यांना दिसतं. झोपेची घडी विस्कटली की होतं असं. दिवसपाळी घ्या, कुशीवर झोपा. आणि वहिनी, तुम्ही नुसता पायाचा अंगठा हलवलात तरी ते लगेच सुटतं."

"मंग परत दिसायचं न्हाय?" धनेशने विचारलं.

"बहुतेक नाहीच. अगदी निर्धास्त राहा."

विनिताने डोळ्यांना पदर लावला. तिच्यासाठी धनेशने दिवसपाळी मागून घेतली. बायको आपल्यापायी सुकत चालली आहे, हे त्याला दिसत होतं.

शेवटची रात्रपाळी करून तो सकाळी घरी आला आणि मुद्दाम पाठीवर झोपला. आई आली. त्याने डोळे भरून पाहिलं. तिचं कपाळ, हातावरचं गोंदण, सगळं. आये, आता मी दिवसाचा जानार, हे त्याला सांगायचं होतं. ओठ हलेनात. डोळ्यांतून पाणी कानांत उतरलं.

विनिता भाजी निवडत होती. तिची नजर गेली आणि ती टोपली टाकून धावली. जिथे राहीबाई बसली होती, तिथेच ती बसली आणि नवऱ्याचा अंगठा तिने घट्ट धरून हलवला.

"सुटलाव ना?" तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

धनेशने तिच्याकडे पाहिलं. तिच्या मागे पाहिलं.

"सुटलो," तो म्हणाला.