उंबरठ्याबाहेरून तपासलेली नजर

"आत नको येऊ. तिथंच राह्य. तिथूनच वाच."

कंपाउंडरने हात आडवा धरला आणि मी उंबरठ्याबाहेर थांबले. दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात. समोर खोली, खोलीच्या पलीकडच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. सगळ्यात वरचं अक्षर वाटीएवढं, सगळ्यात खालचं तांदळाच्या कणीएवढं. जमिनीवर चुन्याची एक रेघ ओढलेली. माझ्याआधी आमच्या गावच्या पाटलाची मुलगी त्या रेघेवर उभी राहून वाचून गेली होती. आम्ही एका वर्गातल्या. तिची दोन अक्षरं चुकली. डॉक्टर म्हणाले, "चालेल, बेटा. एवढं होतंच."

मी त्या रेघेच्या मागे. चार पावलं मागे, शिवाय मध्ये उंबरठा. बाहेर ऊन, आत अंधार. पहिल्या तीन ओळी वाचल्या. चौथीला अडखळले. घ की ध, म की भ. पाचवी नुसती काळी रेषा दिसत होती.

डॉक्टर खुर्चीवरून उठले नाहीत. "शिकवायला निघाली," म्हणाले. "आधी स्वतःला दिसू तर दे."

कंपाउंडर हसला. "यायले शेणातला दाणा बराबर दिसते साहेब. अक्षर नाही दिसत."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: नजर कमी. चष्मा आणून पुन्हा दाखवावे. कागद कंपाउंडरने उंबरठ्यावर ठेवला. मी वाकून उचलला.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. एकाच दवाखान्यात असं होत असे, असं कुणाला वाटू नये म्हणून. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं होत आली होती. कायद्याने शिवाशीव संपली होती. आमची माणसं तरी मागच्याच दाराने येत. जीभ लांबूनच दाखवायची. औषध वरून ओतलं जाई, बाटली आपण खाली धरायची. कुणी तसा नियम लिहिला नव्हता. पण सगळ्यांना पाठ होता.

मी सातवी पास झाले होते. मास्तरणीच्या जागेसाठी माझं नाव निघालं होतं. आमच्या वस्तीतून असं नाव पहिल्यांदा निघालं होतं. उरला होता फक्त डॉक्टरचा दाखला, आणि त्याला मुदत पंधरा दिवसांची. दाखला नाही तर जागा दुसऱ्या कुणाची.

शेणातल्या दाण्याचं मला नवल नव्हतं. शेणातले दाणे वेचून खाणारी माणसं, हे गावात रोज ऐकत होते. पण नजर कमी आहे, हे मी खरं मानलं. दाण्याच्या बोलण्यापेक्षा ते मला आज जास्त लागतं. एका माणसाने खुर्चीवर बसल्या बसल्या लिहिलं आणि मी स्वतःचे डोळे अधू धरून चालले. घरी परतताना दरेकशापर्यंतच्या गाडीत खिडकीपाशी बसून मी झाडं तपासत होते. हे पान दिसतं का, ते दिसतं का. लांबचं थोडं पुसट होतं, हे खरं. ते नेहमीच तसं होतं. सगळ्यांनाच तसं दिसतं असं मी समजत होते.

माय अंगणात विड्या वळत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा हात थांबला.

"सगुणीवानी काऊन पाहून राहिली?"

"कशी?"

"अशी. डोळे बारीक करून."

सगुणा माझी थोरली बहीण. तेव्हा तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. माय तिचं नाव घेत नसे. त्या दिवशी घेतलं.

चष्म्याचं सांगितलं तर माय म्हणाली, "पैसे आहेत. ती गोष्ट नाही. चष्मा लावून फिरशीन त गाव म्हणन, पाहा, बामणीण होऊन राहिली."

"म्हणू दे."

"अन् पाहाले पोराकडचे लोकं आले त?"

"येऊ दे. चष्म्यातून मलेही ते नीट दिसतीन."

माय हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी पैसे पदरात बांधून दिले.

चष्मेवाल्याचं दुकान गोंदियाच्या बाजारात होतं. लांबट, बोळासारखं. म्हातारा माणूस, हिंदी बोलणारा. त्याने विचारलं, "कौन गाँव?" आणि पुढे काहीच विचारलं नाही. मला खुर्चीवर बसवलं. मग एक सुतळी काढली. तिचं एक टोक भिंतीवरच्या तक्त्याखालच्या खिळ्याला अडकवलं, दुसरं ताणून माझ्या खुर्चीपर्यंत आणलं. सुतळीला ठरलेल्या अंतरावर गाठ होती. गाठ कानशिलापाशी येईना, तसा त्याने मला खुर्चीसकट वीतभर पुढे ओढलं.

"रोज कुर्सी खिसकती है," म्हणाला. "रोज नापना पड़ता है."

लोखंडी फ्रेम त्याने माझ्या नाकावर ठेवली, कानामागे नीट बसवली. त्याची बोटं माझ्या कानाला लागली. परक्या शिकल्या-सवरल्या माणसाने असा हात लावायची मला सवय नव्हती. मी अंग चोरलं. त्याला वाटलं काडी टोचली.

भिंगं घातली, काढली. मग म्हणाला, "नंबर है. पर ज़रा-सा. पास का सब ठीक, दूर का थोड़ा धुँधला. लगाओ तो अच्छा. नहीं लगाओ तो भी काम चलेगा."

"मग नौकरीच्या दाखल्याले डॉक्टरने नापास काऊन केलं?"

"बिना चश्मे के पढ़ो तो."

मी फ्रेम काढून वाचलं. पाचवी ओळ पूर्ण. सहावीत दोन चुकली. पाटलाच्या पोरीचीही दोनच चुकली होती.

त्याने तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कहाँ खड़ा किया था?"

"बाहर. उंबरठ्याच्या बाहेर."

"नापा था?"

मी मान हलवून नाही म्हटलं. त्याला कळलं असावं. त्याने भिंगं पुसायला घेतली. खाली बघत म्हणाला, "उतनी दूर से तो आधा बाज़ार नापास हो जाएगा." थोड्या वेळाने फ्रेम पुन्हा माझ्यापुढे धरली. "ले लो, बाई. इससे बाहर से भी पढ़ लोगी. नौकरी पक्की. झगड़ा नहीं."

मी ती घालून दाराकडे बघितलं. रस्त्यापलीकडे राइस मिलच्या भिंतीवर चिमण्या बसल्या होत्या. आधी एक करडी ओळ होती. आता एकेक चिमणी वेगळी झाली, चोचीसकट. खोटं कशाला सांगू, मला तो चष्मा हवासा वाटला. घातला की काम होत होतं. व्हरांड्यातूनच वाचायचं, कागद उंबरठ्यावरून उचलायचा, नोकरीवर जायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आणि तेव्हा सगुणा दिसली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण दिसली. शाळेच्या ओट्यावर बसलेली, पाटी मांडीवर, डोळे बारीक केलेले.

तिच्या वेळी आमच्या मुलांना वर्गात घेत नसत. ओट्यावर बसायचं आणि दारातून आतला फळा बघायचा. मी शाळेत गेले तोवर आम्हाला वर्गात मागच्या भिंतीशी बसू देत होते, म्हणून मला निदान अंदाजाने वाचता यायचं. सगुणाला पाढे ऐकून पाठ होत. बाजारात माय अडली की हिशेब तीच सांगे. पण फळ्यावरचं उतरवताना सगळं चुकायचं. घ चा ध, म चा भ. मास्तर तिला पाटी वर धरायला लावी आणि वर्गाला म्हणे, "बघा, ओट्यावरचं ज्ञान." सगळे हसत. घरी मी पण तिला 'ढ' म्हणत असे. ती रागावत नसे. "असन बाई," म्हणायची, "माह्या डोक्यात भुसाच आहे." तिसरीतून तिचं नाव काढलं. धानाच्या रोवणीला जाऊ लागली. अठराव्या वर्षी हिवतापात गेली. तिची पाटी मायने मिठाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवली होती.

तिला कुणी सुतळी लावून मोजलं नव्हतं. ती मठ्ठ नव्हती. लांब होती. आणि हे मला कळलं तेव्हा सांगायला ती नव्हती. त्या दुकानात खुर्चीवर बसून मी हे एकदाच नीट समजून घेतलं आणि तेव्हापासून ते माझ्या अंगावरून उतरलेलं नाही. आजही एखादं पोर डोळे बारीक करून बघतं आणि माझा खडू थांबतो.

नंबर माझा होता. ते मला मान्य होतं. पण ती चार पावलं माझी नव्हती. चष्मा घेतला असता तर त्यांनी टाकलेली चार पावलं मी स्वतःच्या नाकावर वागवली असती, आणि वर नजर कमी म्हणून कबूलही केलं असतं.

मी फ्रेम परत दिली. म्हाताऱ्याकडे त्या लांबीची सुतळी मागितली. त्याने का म्हणून विचारलं नाही. मोजून कापून दिली, गाठ मारून.

मुदत संपायला चार दिवस होते तेव्हा मी दवाखान्यात परत गेले. मागच्याच व्हरांड्यात.

"चष्मा कुठं आहे?" कंपाउंडर.

"नाही आणला."

"मंग कायले आली?"

"रेघेवरून वाचाले."

तो काही बोलायच्या आत मी उंबरठा ओलांडला. भिंतीपाशी गेले, तक्त्याखाली सुतळीचं टोक पायाने दाबलं, पण तिथून हलता येईना. मग खाली बसून भिंतीशी पडलेल्या लाकडी पाटाखाली ते अडकवलं आणि सुतळी ओढत मागे आले. गाठ बरोबर चुन्याच्या रेघेवर आली. उंबरठा तिथून चार पावलं मागे होता. आणि मग माझं धैर्य एकदम संपलं. मी आपोआप मागे सरकत पुन्हा व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. पाय स्वतःच गेले.

डॉक्टर बघत होते. "हा काय तमाशा आहे?"

"साहेब, रेघेवर उभी करून तपासा. नाही त कागदावर लिहून द्या, उंबरठ्याबाहेरून तपासली म्हणून."

डॉक्टरांनी सुतळीकडे बघितलं. मग पेन उचललं. आवाज अगदी मऊ होता. "बरं. पास लिहून देतो. आत यायची काही गरज नाही. घे आणि जा."

लिहिलंही. कागद कंपाउंडरने उंबरठ्यावर ठेवला.

ज्यासाठी आले होते ते पायाशी पडलं होतं. माझा हात पुढे गेला होता, हे मी लपवत नाही. मी अर्धी वाकले होते. तेव्हा ध्यानात आलं, की मला आत उभं करण्यापेक्षा या माणसाला खोटं लिहिणं सोपं जात होतं. मला दिसतं की नाही, याच्याशी त्याला पहिल्या दिवशीही कर्तव्य नव्हतं आणि आजही नव्हतं.

मी सरळ झाले. "तपासून लिहा," म्हणाले.

आणि आत गेले. रेघेवर उभी राहिले. कंपाउंडर "अगे, अगे" म्हणत राहिला. डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मी कुणी सांगायची वाट न बघता वाचायला लागले. मोठ्याने. पाचवी ओळ पूर्ण. सहावीत दोन चुकली.

"दोन चुकली," मीच म्हणाले. "एवढं होतंच ना साहेब?"

डॉक्टरांनी कागदावर नव्याने सही केली. या वेळी तो मी टेबलावरून घेतला.

मी बाहेर पडते न पडते तोच कंपाउंडरने बादली मागवली. फिनेल टाकलेलं पाणी त्याने मी उभी होते तिथे ओतलं आणि खराट्याने रेटलं. पाण्याबरोबर चुन्याची रेघही वाहून उंबरठ्याकडे आली. पांढरी, घाण झालेली. तो वास मला अजून येतो. शाळेत संडास धुतले जातात त्या दिवशी मी वर्गाची खिडकी लावून घेते.

व्हरांड्यात एक बाई बसली होती. आमच्यातलीच, दुसऱ्या गावची. मांडीवर दीड-दोन वर्षांची पोरगी, छाती घरघरत होती. बाईने सगळं पाहिलं होतं.

"आत चल," मी म्हटलं.

"नको बाई. इथूनच देतेत ते दवाई."

"इथून छाती ऐकू येत नाही."

"तुही नौकरी झाली न? जाय तू. मले उद्याही इथंच याचं आहे."

तिचं खरं होतं. तिला उद्याही तिथंच यायचं होतं. माझ्या गाडीला अर्धा तास होता आणि कागद हातात होता. मी कागदाची घडी करून चोळीत ठेवली आणि तिच्या शेजारी फरशीवर बसले. पोरीला माझ्या मांडीवर घेतलं. ती तव्यासारखी तापली होती.

कंपाउंडर खराटा घेऊन दारात आला. "आता काय?"

"आता ही. आत नेऊन तपासा. रेघ पुसली, आता कुठंही उभं करा, पण आत. नाही केलं त मी बसून आहे. उद्या येईन. परवा येईन."

तो म्हणाला, "तुही गाडी जाईन."

"जाऊ दे," मी म्हटलं, आणि पोरीला खांद्यावर घेऊन उठून उंबरठ्यापाशी उभी राहिले.