कडेने पाहणारा काका

माझ्या धाकट्या काकाइतका डोकं फिरवणारा माणूस मेडशीपासून वाशीमपर्यंत शोधून सापडायचा नाही. हे मी रागानेच लिहितो आहे. मी लहान असताना आमच्या घरात टीव्ही नव्हता. आई-बाबा ऊसतोडीला जात, मी काकाजवळ राही. गावातल्या एका मोठ्या घराच्या खिडकीबाहेर उभं राहून आम्ही सिनेमा बघायचो. काका मला उचलून गजांसमोर धरी आणि स्वतः भिंतीला चिकटून कडेने बघे. ऐन मारामारीत आतून कुणीतरी खिडकी लावून घेई. तेव्हापासून या माणसाने समोरून बघणं सोडलं ते सोडलंच. लग्नात मांडवाच्या खांबाआड उभा. काकूला बघायला गेला तर तिलाही दाराआडून पाहिलं, काकू अजून विचारते, "तुमी मले नीट पाह्यलं तरी होतं काय?" माझ्या पदवीच्या फोटोत (घरातला पहिला पदवीधर मी, हे मी छाती काढून सांगतो) त्याचा फक्त एक कान आला आहे.

मला घरून करायची नोकरी लागली, सोमवारी सुरू होणार होती. मॉनिटर घ्यायला वाशीमला गेलो, काका सोबत आलाच. माझं ऑफिसचं काम, माझे गेम आणि आईचे सिनेमे, सगळं एकाच पडद्यावर भागवायचं होतं. आठवडाभर माहिती वाचून मी एक पक्का केला होता. गेममध्ये गाडी कितीही पळवा, चित्र अडखळत नाही असा. दुकानदाराने तो सुरू केला. काका सरळ भिंतीशी, प्रिंटरच्या खोक्यांमध्ये जाऊन उभा.

"इथून काळं दिसून राह्यलं."

"काका, समोर ये ना! तिथून कोन पायते?"

"मी पायतो. दुसरा दाखवा, भाऊ."

दुसरा झाला, तिसरा झाला. काका खोक्यांतून हलेना. मी दात-ओठ खात होतो. परतीची एसटी निघायची वेळ होत आली होती. शेवटी दुकानदारही वैतागला.

"काकाजी, मॉनिटर घेता का कोनाच्या खिडकीतून चोरून सिनेमा पायता?"

काका हसला. मला हसू आलं नाही. काकावरचा सगळा राग त्या जुन्या खिडकीकडे वळला.

"भाऊ, कडेनं साफ दिसते तोच द्या," मी म्हणालो.

"आयपीएस पॅनल मंग. कडेनंही रंग उतरत नाही. पन गेमले जरा सुस्त पडन."

"पडू द्या."

रविवारी आई-बाबा, काकू पडद्यासमोर बसले. सिनेमा लावला तर काका गायब! बाहेर, आमच्याच खिडकीशी उभा.

"दिसते बे! साफ दिसते!"

माझं डोकं पुन्हा सणकलं. "आत येतो का उचलून आनू तुले?"

आला. मधल्या खुर्चीत बसला, जरा अंग चोरूनच. मान सवयीने तिरपी.

गेममध्ये माझी गाडी अडखळते, चिडचिड होते. काकाची मान अजून सरळ झालेली नाही. पण आमच्या घरात आता स्वतःचा पडदा आहे, आणि माझा काका त्याच्या समोर बसतो.