मसाल्याच्या खोलीची कडी

लग्नाला वर्ष झालं नाही तोच आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला मसाल्याच्या खोलीत घेतलं आणि आतून कडी लावली. सांगलीत आमचा कांदा-लसूण मसाल्याचा कारखाना. मिरची कांडायला, पुड्या भरायला कामाच्या बायका असत. पण शेवटची मिसळण त्या खोलीत, घरच्या सुनेनंच करायची. लेकींना शिकवायचं नाही. "लेकीला शिकवलं की मसाला तिच्या सासरी गेला म्हणून समज," आत्याबाई म्हणायच्या. मला तेव्हा केवढा मान मिळाल्यासारखं वाटलं होतं. कसला मान अन् कसलं काय!

मी वडूजची, बी.एड. झालेली. नवरा आमच्या साताऱ्याच्या दुकानात बसायचा, सुट्टीला तेवढा सांगलीला यायचा. लेक सात वर्षांची झाली, तेव्हा साताऱ्यातल्याच एका हायस्कुलात मला नोकरी मिळत होती. जूनमध्ये हजर व्हायचं, लेकीला घेऊन तिकडं जायचं आणि तिघांनी एकत्र राहायचं, एवढंच माझं मागणं होतं.

त्याच सुमारास अमेरिकेत कुणीतरी आपल्या हळदीवर हक्क सांगितल्याची बातमी आली. सांगलीच्या पेठेत दुसरा विषयच नव्हता. मामंजी, माझे सासरे, पार घाबरले. "आज हळद, उद्या आपला मसाला! आपलं नक्की काय काय हाय, ते एकदा तपासून घेऊ," म्हणत त्यांनी पुण्याहून वकील बोलावले.

वकील भला माणूस. चहा पिता पिता समजावून सांगत होते, "जागेचे, मशीनचे कागद असतात. पण गिऱ्हाईक काही मशीन बघून येत नाही. ते येतं नावाला, पुडीवरच्या चित्राला आणि चवीला. ही तुमचीच आहेत असं उद्या कोर्टात दाखवता येईल का, ते बघायचं." बघितलं तर सगळाच आनंद! नावाची नोंदणी कुणी केलीच नव्हती. पुडीवरची नथवाली बाई ज्या पेंटरनं काढली, त्यानं तीच बाई विट्याच्या एका चहावाल्यालाही विकली होती. मामंजींनी कपाळावर हात मारला. मला तर हसू आवरेना.

मग वकिलांनी विचारलं, "आणि चव? ती कुणाला जमते?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"आत्याबाईंना येतंय की," मी घाईघाईनं म्हणाले.

"माजं नाक गेलं गं आता. अंदाजच लागत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

लिहून देते म्हटलं. पण मिरची दर खेपेला वेगळी, कांद्याची ओल वेगळी. वास घेत घेत हात आखडायचा किंवा सोडायचा असतो. ते कागदावर कसं उतरणार? वकील म्हणाले, "म्हणजे या बाई उद्या गेल्या, तर तुमच्याकडं नुसती मशीनच उरणार."

झालं! त्या दिवसापासून मी माहेरी निघाले की चुलत दीर सोबत. जेवताना ताटात आग्रहानं तूप. दुभत्या म्हशीची ठेवतात तशी बडदास्त; दावं मात्र सोडायचं नाही. साताऱ्याचं नाव काढलं की मामंजी म्हणायचे, "जाशील की. एवढी घाई कसली?" नवऱ्यानंही खाली मान घालून सांगितलं, "या वर्षी राहू दे." असा संताप आला होता! जूनमध्ये ती जागा दुसऱ्या कुणाला गेली.

पावसाळ्यानंतर राहिलेले कागद पुरे करायला वकील पुन्हा आले. निघताना सहज म्हणाले, "सगळं एकाच माणसावर नको. घरात मुलगी आहे की. आत्तापासून आईजवळ बसू दे."

मला वाटलं, आत्याबाई उसळतील. पण त्याच म्हणाल्या, "व्हय. नातू कवा हुयाचा, नातसून कवा यायची! शिकव तिला. घरजावईच बघू, म्हंजी पोर कुटं जायाची न्हाई."

सगळ्यांना केवढा आनंद झाला. घराण्याची रीत मोडून लेकीला मान दिला म्हणून मामंजींनी पेढे आणले. मी माझा पेढा तसाच डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी लेक सकाळीच न्हाऊन, वेणी घालून मसाल्याच्या खोलीच्या दारात उभी. "आई, मी आले!" मी तिला खांद्याला धरून बाहेर काढलं आणि आतून कडी घातली.

"अगं, घे की तिला आत!" आत्याबाई बाहेरून ओरडल्या.

"तुमीच शिकवलंय, आत्याबाई," मी आतून म्हणाले. "लेकींना शिकवायचं नाही."

लेक रडत रडत किती तरी वेळ दार वाजवत होती. मी उघडलं नाही.