छापून आलं की वाचीन

आम्ही चौघांनी मिळून आजवर जेवढं लिहिलंय, त्यापेक्षा ते पाठवताना झालेल्या गमती जास्त भरतील. कविता महिन्याला एखादी होते, तीही झाली तर. किस्सा मात्र दर शनिवारी होतोच. मी मागे एकदा म्हटलं, की आपण कविताबिविता सोडून हेच लिहूया. त्यावर अभिजित म्हणाला, "ते तरी कोण छापणार?"

चौघं म्हणजे कोण, ते सांगते. डब्लिनमध्ये सँडीफोर्डला माझं ऑफिस, त्याच्याजवळच्या लायब्ररीत आम्ही शनिवारी सकाळी बसतो. मी मेधा, पुण्याची. दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, त्यामुळे स्वभावही तसाच झालाय असं नवरा म्हणतो. अभिजित नागपूरचा इंजिनियर. वैशाली ड्रोहेडाहून बस आणि मग लुआस ट्राम करत येते. तिचा नवरा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, ती घरून केक करून विकते. चौथे काका. त्यांच्याकडे येतेच.

*

पहिला प्रश्न होता, इथे साहित्याची मासिकं मिळतात कुठे?

वैशाली गेली सुपरमार्केटात. मासिकांच्या रॅकवर घोडे होते, बागा होत्या, लग्नं होती, ट्रॅक्टर होते. कविता कुठेच नाही. तिने काउंटरवरच्या आजोबांना विचारलं, "गोष्टी आणि कविता असलेलं काही आहे का? आमच्याकडे दिवाळीला निघतात तसं?"

आजोबांनी मनापासून विचार केला आणि म्हणाले, "चर्चचं पत्रक आहे. फादर बरं विनोदी लिहितात."

दुसरी कोणी असती तर हसून निघाली असती. वैशालीने ते पत्रक घरी नेलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि तिच्या 'पाऊस' कवितेचं इंग्रजी करून पाठवून दिलं. आणि त्यांनी ते छापलं! एका बाजूला प्रार्थनेच्या वेळा, दुसऱ्या बाजूला हरवलेल्या मांजराचा फोटो, मधे वैशाली.

पुढच्या आठवड्यात मांजर सापडलं. कवितेबद्दल कोणी काही कळवलं नाही.

खरी मासिकं आमच्याच लायब्ररीत, वरच्या मजल्यावर निघाली. झेरॉक्स मशिनच्या मागे एक आख्खं शेल्फ! तिथली बाई म्हणाली, "हो, आहेत की. कोणी विचारत नाही म्हणून मागे ठेवली."

*

मग अभिजितचे आईबाबा आले, तीन महिन्यांसाठी. काका बँकेतून निवृत्त. तरुणपणापासून कथा लिहितात. नागपूरहून पुण्या-मुंबईला किती अंकांना पाठवल्या असतील, गणती नाही. एकही छापून आली नाही. उत्तरही कधी आलं नाही म्हणे. तरी माणूस लिहितोय.

काकूंना मी पहिल्याच शनिवारी विचारलं, "तुम्हाला काकांची कुठली कथा आवडते?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "मी कुठं वाचली? छापून आली की वाचीन."

आम्हाला वाटलं, चेष्टा करतायत. पण काकांनी नंतर सांगितलं ते असं. साखरपुडा झाल्यावर त्यांनी मोठ्या ऐटीत एक कथा होणाऱ्या बायकोला वाचायला नेऊन दिली. ती लाजली असावी, किंवा सोबत बहिणी होत्या म्हणून असेल, पण तिने कागद परत केले आणि म्हणाली, छापून आली की वाचीन. काकांनी ते मनाला लावून घेतलं. पुन्हा कधी दाखवली नाही, तिने कधी मागितली नाही.

"आता एवढी वर्षं झाली," काका म्हणाले, "बाकी जगानं नाही वाचलं तरी चालते. पण हिनं एकदा वाचावं, एवढंच वाटून राहिलं."

काकू नियमाच्या पक्क्या. शनिवारी त्या सोबत यायच्या, पण काकांची कथा वाचायला निघाली की उठायच्या आणि खाली मुलांच्या विभागात चित्रांची पुस्तकं बघत बसायच्या. मी एकदा थांबवलं तर म्हणाल्या, "अजून छापून नाही आली ना ती?"

आम्ही ठरवलं, काका परत जायच्या आत ही कथा छापून आणायची. कथा होती 'बस' नावाची. नवरा रोज सकाळी बायकोला एसटी स्टँडवर सोडायला जातो. ती खेड्यातल्या शाळेत मास्तरीण. काकू कुठे नोकरीला होत्या, ते विचारायची गरज कोणालाच पडली नाही. भाषांतर माझ्या गळ्यात पडलं.

*

इथल्या प्रत्येक मासिकाची एक अट असते, पाठवण्याआधी आमचा एक अंक वाचा. ती अट आम्ही अगदी मराठी पद्धतीने पाळली. शेल्फवरचे अंक घरी नेले आणि तीन घरांत फिरवले. आता फिरवायचे म्हणजे खराब होणार, लायब्ररीचा माल, म्हणून मी सगळ्यांना खाकी कव्हरं घातली. शाळेपासूनची सवय, पुस्तक दिसलं की हात शिवशिवतात. कव्हरं सुरेख झाली. नावं घालायची तेवढी राहिली.

एका संपादकांना मी काकांच्या कथेसोबत लिहिलं, की तुमच्या अंकातला मच्छीमार वडिलांवरचा लेख वाचून माझे डोळे भरून आले.

त्यांचं उत्तर आलं. "तो लेख आमच्याकडे नव्हता, दुसऱ्यांच्या अंकात होता. पण डोळे माझेही भरून आले होते."

कथा मात्र त्यांनी घेतली नाही.

*

अभिजितला हा कारभार बघवेना. "मेधा, तू एकेकाला पाठवत बसशील तर बाबांचा व्हिसा संपेल. प्रोसेस लागते." त्याने एका रात्रीत सगळ्या मासिकांचे पत्ते गोळा केले आणि काकांची कथा सगळ्यांना एकाच ईमेलने पाठवून दिली. सगळे पत्ते वर, सगळ्यांना दिसतील असे.

सकाळी पहिला संपादक सगळ्यांना उद्देशून म्हणाला, "अरे वा, सगळे इथेच भेटलो की." दुसरीने विचारलं, की गेल्या वेळेला माझ्या गाडीत छत्री कोणाची राहिली. तिसऱ्याने ती आपली असल्याचं सांगितलं. मग ती छत्री कुठे द्यायची, यावर दोन दिवस चर्चा चालली. अभिजित फोन हातात घेऊन नुसता बघत होता. म्हणाला, "मी यांचा व्हॉट्सॲप ग्रुप करून दिला का?"

शेवटी एकेकाचा नकार आला. सगळे नकार सभ्य. एकाने लिहिलं होतं, डियर मिस्टर देशकर, कथा दोनदा वाचली, आमच्या या अंकात बसत नाही, पण तुम्ही लिहीत राहा.

काकांनी ते मला वाचायला लावलं, मग अभिजितला, मग वैशालीला. "नाव घेऊन नाही म्हटलं," ते म्हणाले. "दोनदा वाचली म्हणते. कोणीतरी वाचली की नाही?" आणि त्यांनी लायब्ररीतल्या बाईसकट सगळ्यांना वैशालीच्या केकचा तुकडा वाटला.

काकू म्हणाल्या, "नाही म्हणाले ते लोक, आणि तुम्ही तोंड गोड करून राहिले?"

पण केक त्यांनीही खाल्ला, आणि खाताना काकांकडे बघत होत्या. मला तेव्हा त्या दोघांचं फार बरं वाटलं.

*

एकच मासिक उरलं होतं. किलकेनीहून निघणारं, लहानसं. इथे राहणाऱ्या लोकांच्या दुसऱ्या भाषाही छापायचे, समोरासमोर इंग्रजी घालून. ते ईमेल घेत नव्हते, फक्त पोस्ट.

काका खूश. पोस्ट म्हणजे त्यांचं राज्य. सुवाच्य अक्षरात कथा, वर माझं भाषांतर, आणि आत शिरस्त्याप्रमाणे परतीचं पाकीट, स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकिटं लावलेलं. तिकिटं त्यांनी नागपूरहून येताना आणली होती. भारतीय. मोर, कमळ आणि एक वाफेचं इंजिन!

हे आम्हाला कळलं ते पाकीट पेटीत पडल्यावर. अभिजितने कपाळाला हात लावला. काका म्हणाले, "तिकीट ते तिकीट. पैसे भरून घेतलं मी."

दोन आठवड्यांनी किलकेनीहून फोन आला. संपादिका ईफा नावाची तरुण मुलगी. म्हणाली, "तिकिटं मी ठेवून घेतलीयेत, माझ्या बाबांना फार आवडली. आता ती परत द्यायची नाहीत म्हणून कथा छापतेय असं समजू नका. कथा खरंच आवडली."

काका खुर्चीत बसले.

*

छापायचं म्हणजे लेखकाचा परिचय हवा, तृतीयपुरुषी, चार ओळींत. आम्ही वैशालीकडे बघितलं, कारण आमच्यात छापून आलेली तीच. ती म्हणाली, "माझं उदाहरण घेऊ नका."

तिची त्यानंतर एका ड्रोहेडाच्या अंकात कविता आली होती. स्वतःबद्दल 'ती' म्हणून काय लिहायचं, म्हणून तिने नवऱ्याला सांगितलं. डॉक्टरसाहेब ड्यूटीवरून आले होते, तसेच बसले आणि लिहिलं: 'वय एक्केचाळीस. दोन मुलं. लिखाणाचा त्रास लहानपणापासून. संध्याकाळी वाढतो. औषध नाही.'

तिने न वाचताच पाठवलं. त्यांनी तसंच छापलं. त्या अंकातली सगळ्यात चांगली ओळ तीच, असं एका वाचकाने कळवलंसुद्धा. कवितेबद्दल पुन्हा कोणी काही बोललं नाही.

काकांनी स्वतःचा परिचय स्वतः लिहिला. 'नागपूरला राहतो. कथा लिहितो.' यात मी एक अक्षर बदललं नाही.

*

मग ईफाचा पुन्हा फोन. कथा उत्तम, फक्त शेवटचं वाक्य काढायचं.

कथेचा शेवट असा होता. ती खिडकीपाशी बसते, बस सुटते. त्यापुढे काकांचं वाक्य होतं: 'संध्याकाळी ती परत येईपर्यंत तो तिथंच थांबला असता, पण बँक दहाला उघडायची.'

ईफाचं म्हणणं, बस सुटली की कथा संपली. वाचकाला कळतं, सांगायला नको.

फोन स्पीकरवर होता. काकू नेहमीप्रमाणे खाली, मुलांच्या विभागात. काका मला म्हणाले, "तिला सांग, बाकी काहीही काप. हे राहू दे." मी सांगितलं. ईफाने नम्रपणे तेच पुन्हा सांगितलं. अंक चारच दिवसांत छापायला जाणार होता, आणि काकांचं विमान त्यानंतरच्या मंगळवारी.

काकांनी चष्मा काढून पुसला. "कथा लिहिली ती त्या एका वाक्यासाठी," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "असू दे. काढ म्हणा. पण छाप म्हणा." त्यांचा आवाज ऐकून वैशाली उठून पाणी आणायला गेली. मला ईफाचा राग आला, आणि ती बहुतेक बरोबर असावी याचाही आला.

घरी कोणालाही हे बोलायचं नाही, असं काकांनी आमच्याकडून कबूल करून घेतलं.

*

अंक निघाला त्या रविवारी आम्ही सगळे किलकेनीला गेलो. पुस्तकाच्या दुकानावरची खोली, वीसेक माणसं, चहा, सँडविचेस. ईफाने काकांच्या हातात अंक दिला. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. वर नाव. काकांनी नावावरून बोट फिरवलं आणि अंक तसाच काकूंपुढे धरला.

काकूंनी पर्समधून चष्मा काढला. "द्या," म्हणाल्या.

त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. लोक एकमेकांशी बोलत होते, कोणीतरी काकांशी हवेबद्दल बोलायला आलं, काका इथल्या लोकांसारखं "ग्रँड, ग्रँड" म्हणत होते, पण लक्ष सगळं खिडकीकडे. सँडविचची बशी त्यांच्या हातात तशीच. अभिजित म्हणाला, "बाबा, बसा ना." ते बसले नाहीत.

काकूंनी घाई केली नाही. शाळेत वह्या तपासाव्यात तसं ओळीखाली बोट धरून वाचलं. पान उलटलं. शेवटच्या ओळीशी थांबल्या. पुढचं पान उलटून बघितलं, तिथे दुसऱ्या कोणाची कविता होती. परत मागे आल्या. तीच ओळ पुन्हा वाचली.

मग चष्मा काढला, मांडीवर ठेवला, आणि काकांकडे बघून म्हणाल्या,

"शेवटचं वाक्य काऊन काढलं तुम्ही?"