लग्नाला गेलेलं संग्रहालय

आपण गेल्यावर निहानचं कसं होणार, ही काळजी सानियेच्या मनातून काही केल्या जात नव्हती. चौतीस वर्षांची मुलगी, अंकाराची चांगली नोकरी सोडून गावी परत आली आणि गावच्या संग्रहालयात मेलेल्या माणसांच्या सामानात दिवसभर एकटी बसते. नवरा नाही, पक्की नोकरी नाही. नगरपालिका देते त्या मानधनात चहा आणि सरपण भागलं तरी पुष्कळ.

"निदान त्या थंड खोलीत एक शेगडी तरी ठेव," सानिये म्हणायची.

"आई, शेगड्या अकरा आहेत."

"पेटणारी म्हणतेय मी."

"त्यातल्या चार पेटतात."

अशा मुलीशी काय बोलणार? आणि ते सामान जमवण्यात सानियेचाही हात होताच. सानिये दहा वर्षांची असताना शाळेतल्या मुझेय्येनबाईंनी वर्गाला सांगितलं होतं, उद्या येताना घरातली एक जुनी वस्तू आणा. पोरांनी घरी न विचारताच आणल्या. चाळण्या, लोकर विंचरायच्या फण्या, हमामात अंघोळीला जाताना घालायच्या शिंपले जडवलेल्या खडावा, एकाने तर भावाला जमिनीवर निजवून पाळणाच उचलून आणला. सानियेने आजीचा कॉफी भाजायचा लांब दांड्याचा तवा पळवला. मागच्या बाकावरच्या नेजमीला घरात काहीच जुनं सापडलं नाही, म्हणून तो आजीचा हात धरून तिलाच घेऊन आला. बाईंनी तिला खुर्ची दिली. मग आठवडाभर आजी येत राहिली. एकेक वस्तू हातात घेऊन ती कशी वापरतात हे सांगायची, आणि कुठल्या घरच्या सुनेला ती वापरायचा कंटाळा आहे, तेही सांगायची.

पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी, निम्म्या गावातल्या बायका शाळेच्या दारात येऊन भांडत होत्या. बाई म्हणाल्या, "राहू द्या इथंच. लागेल तेव्हा घेऊन जा, झालं की आणून द्या." तेव्हापासून हाच नियम. शाळा नव्या इमारतीत गेली, जुन्या वर्गांत काचेची कपाटं आली, बाई वारल्या, किल्ल्या निहानकडे आल्या. नियम बदलला नाही.

सप्टेंबरात शहरातून संग्रहालय खात्याचे तुन्जाय साहेब पाहणीला आले, तेव्हा सानिये मुलीचा डबा घेऊन तिथे पोचलीच होती. साहेब कपाटांसमोरून चालत होते आणि ती मागून मोजत होती. नऊ कपाटं रिकामी. आत नुसत्या निहानच्या हातच्या चिठ्ठ्या. एकीवर लिहिलं होतं, 'पाळणा एमिनेकडे. बाळ चालायला लागलं की परत.'

"हे प्रदर्शन आहे की हरवलेल्या सामानाची यादी?" साहेबांनी विचारलं.

"हरवलेलं नाही साहेब, लग्नाला गेलंय," निहान म्हणाली. "चला ना. मागच्याच गल्लीत आहे."

आता गेलं सगळं, असं सानियेला वाटलं.

गल्लीत ढोल-सनई चालू होती. तांब्याच्या भल्यामोठ्या हंड्यात रात्रभर शिजलेला गहू आणि मटण चार जण लाकडी मोगऱ्यांनी घोटत होते. नवरीच्या अंगावर कपाट क्रमांक सहामधला जरीकाम केलेला मखमली झगा होता. साहेब वही काढून उभे राहिले, तर म्हाताऱ्या हाजेरने त्यांच्या हातात मोगरी दिली.

"मावशी, मी कामावर आहे."

"मग हे काय खेळ आहे? कोट काढा."

त्यांनी कोट काढला. पहिला ठोका चुकला, दुसराही चुकला.

"ढोलाकडे लक्ष द्या साहेब, गव्हाशी तुमचं काय वैर आहे?" हाजेर म्हणाली, आणि सगळ्या बायका डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसल्या. पाचव्या ठोक्याला त्यांना ताल सापडला. मग ते थांबायलाच तयार नव्हते.

जेवताना त्यांनी हंड्यात वाकून पाहिलं. आतली कल्हई चांदीसारखी लखलखत होती. "ही कुणी केली?"

"जो नेतो तो कल्हई करून आणतो," निहान म्हणाली. "बंद कपाटात राहिलं असतं तर हिरवं पडलं असतं."

सानियेचं जेवणात लक्ष नव्हतं. निहान एका जागी बसतच नव्हती. कुणी म्हणे, निहान, हा पट्टा नवरीला कुठून बांधायचा? कुणी म्हणे, निहान, मेंदीचं तबक कुणी धरायचं? कुणी जाता जाता तिच्या तोंडात घास कोंबत होतं, कुणी ओढून नाचायला नेत होतं. नवरीच्या आईने तर तिला हुकूमच सोडला, "आधी जेव, मग हवं तेवढं शिकव आम्हाला." सानियेचं रोजचं वाक्य दुसरीच बाई बोलत होती. तिला जरा रागही आला.

निघताना साहेबांनी कागद पुढे केला. "खरं सांगतो, मला आवडलं. पण नियमात लग्न बसत नाही. सही केलीत तर हे सरकारी संग्रहालय होईल, तुमची नोकरी पक्की, पेन्शन मिळेल. मग मात्र एकही वस्तू दाराबाहेर जाणार नाही. सोमवारी दुपारी बारापर्यंत कळवा."

निहानने कागद घेतला. घरी येताना म्हणाली, "आई, मी ठरवणार नाही. इतकी वर्षं तुझी झोप उडवली आहे मी. तू सांगशील तसं."

दोन दिवस सानिये मनात सही करत राहिली. पक्की नोकरी, पेन्शन, थंडीत उबदार खोली. यासाठीच तर ती देवाकडे हात पसरत आली होती. पण ते दार डोळ्यांसमोर आलं की त्याच्या आत काचेपाशी निहान एकटी बसलेली दिसे. पाळणा मागायला येणारी नाही, पट्टा परत करायला येणारी नाही, घास भरवणारी तर नाहीच. सानियेला इतकी वर्षं वाटत होतं की मुलगी आत्ताच तशी बसली आहे.

सोमवारी साडेअकराला तिने चहाचा पेला खाली ठेवला. पेन्शनची काळजी होती तशीच होती, ती काही कुठे जाणार नव्हती. पण सही करू नकोस, हे निहानला बारा वाजायच्या आत सांगायला हवं होतं. सानियेने चष्मा शोधला आणि फोन हातात घेतला.