गळ्यातलं बटण

खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर मुलाने मला कुंडलहून शिरवळला आणलं, तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते. कपडे वाळत घालताना अंगणात पाय सरकला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. मालकांना जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात मी आणि माझं शिलाई मशीन, दोघंच. एकटी राहू नकोस, हे मुलाचं म्हणणं मला त्या वेळी पटलं.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. मुलगा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, सून औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. दोघं सकाळी साडेसातला जायची ती संध्याकाळी सहाला यायची. जाताना सून बाहेरून कुलूप लावायची. "कुणी बेल वाजवली तर तुम्ही घाईघाईनं उठाल, आई," म्हणायची. तिच्या मनात वावगं काही नव्हतं. पण कुंडलला माझं दार दिवसभर उघडं असायचं. कुणी ब्लाउज टाकायला यायचं, कुणी नुसतंच टेकायला. इथे कुलपाचा खटका ऐकू आला की मी घड्याळाकडे बघायची आणि सहा वाजायला किती तास आहेत ते मोजायची.

दोन महिन्यांनी मुलाने एक यंत्र आणलं. काड्यापेटीएवढं, पांढरं, मधोमध लाल बटण. गळ्यात घालायला नायलॉनची विणलेली दोरी. माणूस पडलं की यंत्राला आपोआप कळतं आणि ते एकामागोमाग तिघांना फोन लावतं, आधी मुलाला, मग सुनेला, मग कुंडलच्या माझ्या धाकट्या भावाला. बटण दाबलं तरी फोन लागतो आणि त्यातूनच बोलता येतं.

"आंघोळीलासुद्धा काढायचं नाही," मुलगा म्हणाला. "माणसं तिथंच पडतात. पाण्यानं काही होत नाही त्याला."

दोघांनाही कामावर फोन गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. "मधल्या सुट्टीत बघतो की मी," मुलगा म्हणाला. त्याने हौसेने आणलेली वस्तू, आणि मी पहिल्याच दिवशी त्यात खोट काढायची, हे जिवावर आलं.

दोरीला मानेमागे प्लास्टिकची एक क्लिप होती. ती सारखी सुटायची. जरा ओढ बसली की यंत्र खाली, आणि यंत्राला वाटायचं मीच पडले. एकदा मधल्या सुट्टीत मुलाने फोन बघितला आणि साहेबांना विचारून धावत घरी आला, तर मी शेंगा सोलत बसलेली. उभ्या उभ्या पाणी प्यायला.

"क्लिपच भिकार दिलीय," तो म्हणाला.

"दे हिकडं. शिवून टाकते मी."

चाळीस वर्षं शिवणकाम केलेला हात. दुहेरी दोऱ्याला मेण लावलं, क्लिपच्या दोन्ही बाजूंची दोरी एकमेकींवर घेतली आणि दहा-बारा घट्ट टाके मारले. लोंबते म्हणून दोरी आखूडही केली. ती डोक्यातून जेमतेम निघायची. मुलाने दोन्ही हातांनी ओढून बघितली. "आता कशाला तुटतीया!" म्हणाला. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत माझ्या हातचं काहीतरी कुणाच्या कामी आलं होतं.

त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी ते घडलं. सकाळचे साडेनऊ झाले असतील. मी आंघोळीला बसले होते, प्लास्टिकच्या स्टुलावर, नळाकडे पाठ करून. साबण लावताना यंत्र मध्ये येतं म्हणून, बायका मंगळसूत्र टाकतात तसं, मी ते पाठीवर टाकलं होतं. आंघोळ उरकली, परकर नेसला आणि उठायला गेले, तर मागून दोरी ओढली गेली. यंत्र नळाच्या दांड्यामागे अडकलं होतं. मी मागे हात नेते तोवर ओल्या फरशीवर स्टूल सरकलं आणि मी खाली घसरले.

फरशीपर्यंत पोचलेच नाही. दोरी गळ्याला लागली आणि मी वीतभर वरच राहिले.

डावा हात कमोडच्या कडेवर टेकला म्हणून श्वास तरी घेता आला. हात जरा ढिला पडला की दोरी आवळायची. ऑपरेशनचा पाय अंगाखाली दुमडलेला, त्याच्यावर जोर देता येईना. दोरी हनुवटीवरून काढायला बघितली, निघेना. यंत्र मात्र गप्प होतं. ते पडलंच नव्हतं ना, नळाला नीट अडकून होतं. पडले होते मी.

उजवा हात खांद्यावरून मागे नेला, चाचपडत बटण शोधलं आणि दाबलं. मुलाच्या फोनची रिंग वाजत राहिली आणि थांबली. मग सुनेची. लॉकरच्या अंधारात वाजणारे ते दोन फोन मला डोळ्यांसमोर दिसत होते. तिसऱ्या वेळी माझ्या कानामागून भावाचा आवाज आला.

"हां, कोण हाय?"

"आरं, मी."

"आक्का? आवाज का असा येतुय तुझा? पडलीस का काय?"

"दोरी अडकलीया नळाला. गळ्याला फास बसलाय. सुटंना."

"आगं मग कुणाला तरी हाक मार की!"

"भाईरनं कुलूप हाय."

"शेजारी कोण हाय? नाव सांग, नंबर काढतो."

मला एकाचंही नाव सांगता आलं नाही. चार महिने झाले होते तिथे येऊन. समोरच्या दाराचा रंगसुद्धा मी कधी नीट बघितला नव्हता.

"मी निघतो," तो म्हणाला. "गाडी काढतो बघ लगीच."

"तीन तास लागतील रं."

तो उसाला पाणी देत होता. मागे पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता. मग त्याचा आवाज फुटला. "मग मी काय करू, आक्का?"

"फोन ठिवू नगंस. बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"काय बी."

मग तो बोलत राहिला. म्हैस व्याली, रेडकू झालं, ते अजून धड उभं राहत नाही. त्याच्या बायकोचा गुडघा दुखतो. असलंच काहीबाही, मध्येच नाक ओढत.

यंत्र मागे गेलं होतं म्हणजे क्लिप पुढे आली होती, माझ्या गळ्याशी. बोटांना टाके लागले. जवळ-जवळ, एकसारखे. माझेच टाके. डाव्या बांगडीत नेहमीसारखी सेफ्टी पिन होती. उजव्या हाताने ती काढली, उघडली आणि हनुवटीखाली डोळ्यांना न दिसणारा एक-एक टाका उसवायला लागले. मेण लावलेला ओला दोरा पिनेला दाद देईना. पिन दोनदा गळ्यात रुतली. मध्ये दोनदा डाव्या हातातलं बळ गेलं आणि डोळ्यांपुढे काळं झालं. भाऊ ओरडत होता, "आक्का, आगं वो दे की!" मी नुसती हूं म्हणायची आणि पुढचा टाका शोधायची. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना सांगत आले, माझी शिलाई उसवली तर पैसे परत. त्या दिवशी एकेक टाका निघत नव्हता तेव्हा मला माझ्याच हाताचा राग आला.

तीन-चार टाके राहिले असतील, तेव्हा ते अंगाच्या भाराने तुटले, क्लिप सुटली आणि मी फरशीवर आदळले. कोपराला मार बसला.

"सुटलं," मी म्हणाले.

मग तो हळू म्हणाला, "आता लगीच उठू नगंस. बस जरा."

दुपारपर्यंत मी, वळ दिसू नये म्हणून, गळ्याभोवती पदर गुंडाळून पलंगावर बसून राहिले. पण भावाने फोन केलेलाच होता. मधल्या सुट्टीत फोन बघून दोघं धावत वर आली. सुनेने पदर बाजूला केला आणि गळ्यावरचा लाल वळ बघितला. मुलगा यंत्र बनवणाऱ्यांना शिव्या घालायला लागला. तेवढ्यात सुनेने यंत्राच्या खोक्यातला घडी घातलेला कागद काढला. बारीक इंग्रजी अक्षरं. आजवर तो कुणी उलगडलाच नव्हता. ती मनाशी वाचत गेली आणि एके ठिकाणी थांबली.

"क्लिप मुद्दाम तशी केलीय," ती म्हणाली. "दोरी कुठं अडकली तर ओढ बसून सुटावी, गळ्याला फास लागू नये म्हणून. तिला गाठ मारू नका, असं लिहिलंय."

मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी ओढून बघितली होती गं."

"शिवली मी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याने तसलीच नवी दोरी मागवली आणि घरात कॅमेरा लावायचं काढलं. मी नको म्हटलं. "मला दाराची चावी दे."

"तू बाहेर जाशील. जिन्यात पडलीस तर?"

"आणि आत पडले तर?"

सुनेने दोन चाव्या करून आणल्या. एक मला दिली. दुसरी द्यायला ती मला समोरच्या घरी घेऊन गेली. तिथल्या बाई मिरजेकडच्या, जैन, माझ्याच वयाच्या. त्यांचा नंबर आता यंत्रात पहिला आहे.

चावी मिळाली त्या दिवशी मी वॉकर घेऊन लिफ्टपर्यंत गेले. दार उघडलं, आतली ती पत्र्याची पेटी बघितली आणि आत पाऊल टाकवेना. तशीच परत आले.

यंत्र मी घालते. बंद गळ्याचं काही घालवत नाही, पण ते घालते. क्लिप आठवड्यातून दोन-तीनदा सुटते. आधी समोरच्या बाई लगेच यायच्या. परवा यंत्र पडलं तर आल्या नाहीत. संध्याकाळी भेटल्यावर म्हणाल्या, "मला वाटलं, क्लिपच सुटली असेल." तसंच झालं होतं, म्हणून मीही हसले.

भाऊ म्हणतोय, कुंडलला ये. पण तिथलं न्हाणीघर मागच्या अंगणात आहे, शेवाळलेल्या फरशीचं, आणि माझा पाय अजून वॉकरशिवाय उचलत नाही. मुलगा म्हणतो, दिवाळीनंतर बघू. मी दोघांनाही हो म्हणते.